एकट्याने बोट ट्रॉलीवर चढवणे

मंडळी, शनिवार-रविवार आला की मी काहीतरी निरुपयोगी वाचत बसतो. निरुपयोगी म्हणजे ज्याचा माझ्या टीम लीडला काडीचाही उपयोग नाही असं. यावेळी गाडी अडकली ती बोटीवर. बोट कशी चालवायची यावर नाही, तर पाण्यातली बोट ट्रॉलीवर एकट्या माणसाने परत कशी चढवायची यावर! अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात घराच्या अंगणात बोट ठेवणारे लोक असतात. ते गाडीमागे ट्रॉली लावतात, तळ्यावर जातात, मासे मारतात आणि संध्याकाळी एकटेच बोट ट्रॉलीवर घेऊन घरी येतात. त्याचं एक पूर्ण शास्त्र आहे.

आता तुम्ही म्हणाल, तू बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्याचा. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, समुद्र चारपाचशे किलोमीटरवर. तुझा आणि बोटीचा काय संबंध? बरोबर आहे. २०२३ पर्यंत मीही हेच म्हटलं असतं.

२२ जुलै २०२३ ला आमच्या संग्रामपूर आणि शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. काथरगावाला पाण्याने वेढा घातला आणि शंभराहून जास्त माणसं तिथे अडकली. त्यांना काढायला बचाव पथकं मागवावी लागली. बावनबीर, सोनाळा, टुनकी हा सगळा पट्टाच त्या पावसात सापडला. शेतं खरवडून गेली, जनावरं वाहून गेली. आणि आम्ही सोनाळ्याचे 'सुपुत्र' पुण्यात, हिंजवडीत, बंगळुरात बसून मोबाईलवर व्हिडिओ पुढे ढकलत होतो.

तेव्हापासून बोट हा माझ्या दृष्टीने कोकणातला विषय राहिलेला नाही.

आमच्याकडचा पूर सांगलीसारखा नाही, हे आधी समजून घ्या. सांगलीत कृष्णा हळूहळू चढते, आकडे येत राहतात, आणि पाणी दिवसच्या दिवस मुक्काम करतं. सातपुड्यातून उतरणारे नदीनाले तसे नाहीत. डोंगरात पाऊस पडतो, खाली ऊनसुद्धा असू शकतं, आणि थोड्या वेळात लोंढा दारात. काही तासांत तो ओसरूनही जातो. म्हणजे माणूस वाचवायला जो वेळ मिळतो तो तासांतला, दिवसांतला नाही. आता अंतरं बघा. जिल्ह्याचं ठिकाण बुलढाणा घाटावर, आम्ही घाटाखाली, मध्ये शंभरेक किलोमीटर. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला. राष्ट्रीय दलाची बटालियन पुण्याजवळ. यातले सगळे लोक जीव तोडून काम करतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण नाल्याचा पूर त्यांची वाट बघत थांबत नाही. म्हणून पहिली बोट जवळची हवी. तालुक्यातली, शक्यतो मंडळातली.

इथपर्यंत कोणीही मान हलवेल. माझा मुद्दा याच्या पुढचा आहे.

बोट पाण्यात सोडणं सोपं असतं, कारण उतार तुमच्या बाजूने असतो. ढकला, गेली. अवघड आहे ते तिला परत ट्रॉलीवर घेणं. सहलीला गेलेल्या माणसासाठी ही फक्त कटकट आहे, पण आमच्यासारख्या पुरात तोच जीवनमरणाचा प्रश्न होतो. कारण पाणी एका गावात नसतं. या नाल्यावर पाच माणसं काढली की दुसऱ्या नाल्यापलीकडच्या वस्तीवर जायचं असतं. दोन नाले पाण्याने जोडलेले नसतात, रस्त्याने जोडलेले असतात. बोट काठावर घ्यायची, ट्रॉलीवर चढवायची, सहा-सात किलोमीटर न्यायची आणि परत पाण्यात सोडायची. जी बोट पटकन परत चढवता येत नाही, ती त्या दिवसापुरती एकाच गावाची बोट!

आता जरा आकडेमोड करू. इंजिनिअर आहे, सवय जात नाही.

पंधरा फुटांची फायबरची किंवा अ‍ॅल्युमिनियमची बोट, मागे २५ अश्वशक्तीचं इंजिन, पेट्रोलची टाकी, दोर, लाइफ जॅकेटं असं सगळं मिळून ३५० किलो धरा. नुसत्या हातांनी उचलायची तर आठ माणसं लागतात, प्रत्येकी ४४ किलो. तेही चिखलात, पावसात आणि पकडायला नीट जागा नसताना. ओढायची म्हटली तरी खडी-मातीवर घासत नेताना वजनाच्या निम्म्याइतकं घर्षण सहज येतं. म्हणजे पावणेदोनशे किलो, अधिक चढाचं ओझं. परत सात-आठ माणसं.

आता त्याच बोटीखाली रबराचे रोलर लावलेली ट्रॉली आणा. ट्रॉलीचा मागचा भाग पाण्यात उतरवा. आठला एक असा चढ धरला तर चढामुळे येणारा भार ३५० भागिले ८ म्हणजे ४४ किलो. रोलरचं घर्षण धरा २० किलो. झाले साधारण ६५ किलो. ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला हाताने फिरवायची विंच असते. तिच्या दांड्याची लांबी २५ सेंटीमीटर, ज्यावर पट्टा गुंडाळतो त्या ढोलाची त्रिज्या ४ सेंटीमीटर, आणि मध्ये चारास एक असा गिअर. म्हणजे ताकद गुणिले २५. तुमच्या हाताला लागणारा जोर अडीच-पावणेतीन किलो. गिअरमधली गळती धरा, चार किलो म्हणा. भरलेली घागर यापेक्षा कितीतरी जड असते!

फुकट मात्र काही मिळत नाही. दांडा एकदा फिरवला की बोट जेमतेम सहा सेंटीमीटर सरकते. चार मीटर ओढायला साठ-पासष्ट फेरे. म्हणजे दोनेक मिनिटं. आठ माणसं गोळा करायला दोन मिनिटं पुरतील का, तुम्हीच सांगा.

गंमत म्हणजे हे तत्त्व आमच्या गावाला नवीन अजिबात नाही. विहिरीतली मोटर काढायची असेल तर तीन पायांची घोडी उभी करून चेन-कुप्पी लावतात, आणि एक माणूस साखळी ओढत शांतपणे मोटर वर घेतो. जाड ओंडका बंडीवर चढवायचा तर दोन बल्ल्या तिरक्या लावायच्या, दोराचं एक टोक बंडीला बांधायचं, दोर ओंडक्याखालून घेऊन दुसरं टोक वरून ओढायचं. ओंडका गडगडत वर येतो आणि जोर निम्माच लागतो. कोणीही फिजिक्सचं पुस्तक उघडलेलं नसतं. विदर्भातल्या धरणांवर, तलावांवर मासे धरणारे लोक ट्रकच्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात. गरिबीमुळे हे खरंच, पण त्यामागे आणखी एक हिशोब आहे. एका माणसाला डोक्यावर घेऊन काठावर येता येईल एवढंच ते साधन असतं. दुसऱ्याची वाट बघावी लागत नाही.

आणि बंडी हाकणाऱ्याला 'उलाळ' हा शब्द माहीत असतो. बंडीत माल मागे जास्त झाला की ती मागच्या मागे उलते आणि जू वर उचललं जातं. पुढे जास्त झाला की बैलांच्या मानेवर येतं. बोटीच्या ट्रॉलीचंही अगदी हेच आहे. बोट आणि ट्रॉली मिळून ५०० किलो असतील तर साधारण ३५ ते ५० किलो भार पुढच्या हुकावर हवा. कमी असला तर वेगात ट्रॉली सापासारखी वळवळायला लागते आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन पडते. म्हणून बोट विंचेपर्यंत पूर्ण पुढे आली की नाही हे बघायचं असतं. परदेशी पुस्तिकांमध्ये यावर पानंच्या पानं असतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बंडीवाल्याला एका शब्दात कळेल.

बाकीची कृतीही सांगून टाकतो, कारण एकट्याच्या कामात क्रम महत्त्वाचा. गाडीचा हँडब्रेक ओढा आणि चाकांमागे दगड लावा, बोट चढताना गाडीच मागे पाण्यात गेली तर सगळंच संपलं. ट्रॉली फार खोल घालू नका. माणसाला वाटतं खोल घातली की सोपं जाईल, पण मग बोट रोलरवर न बसता वरच तरंगत राहते, वाकडी होते, आणि ट्रॉली बाहेर काढताना तिरकी टेकते. उथळ ठेवली तर ओढून जीव जातो. ट्रॉलीच्या मागच्या बाजूला दोन उभे खांब असावेत, म्हणजे प्रवाह बोटीला बाजूला ढकलत असला तरी ती दोघांच्या मधूनच येते. हे खांब म्हणजेच तुमचा दुसरा आणि तिसरा माणूस. बोटीला पुढे एक आणि मागे एक असे दोन दोर बांधलेले असावेत, दोन्हींची टोकं काठावरून हाताला येतील अशी. इंजिन वर उचलून अडकवा. विंचेचा पट्टा नाकाजवळच्या कडीत, मग फेरे. खटका बसल्याशिवाय दांडा सोडायचा नाही, उलटा फिरलेला दांडा मनगट मोडतो. आणि ट्रॉली पाण्याबाहेर ओढण्याआधी वेगळी साखळी लावा, नुसत्या पट्ट्यावर विसंबू नका. शेवटी मागून दोन पट्टे आवळा, बुडाचं बूच काढून आतलं पाणी जाऊ द्या. दुसऱ्या काठावर बोट सोडण्याआधी ते बूच परत लावा! हे विसरून बोटी बुडतात.

आता माझं मत.

सरकारी यादीत आपत्तीची तयारी मोजली जाते ती नगांमध्ये. बोटी इतक्या, लाइफ जॅकेटं इतकी, दोर इतके. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे, दर वर्षी पावसाळ्याआधी बैठका होतात, आढावा होतो. हे सगळं हवंच. पण माझ्या मते नग मोजून काही कळत नाही. मोजायला हवी ती मिनिटं आणि माणसं. 'गोदामाच्या दारापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यातून परत ट्रॉलीवर, दोन माणसांना किती मिनिटं लागली?' एवढा एकच आकडा. मे महिन्यातल्या एखाद्या रात्री, अंधारात, घड्याळ लावून. त्याच कामाला आठ माणसं लागली तर ती बोट नापास समजा, कितीही नवी कोरी असो.

दोनच माणसं का? तर बाकीची सहा कुठे आहेत ते आरशात बघा. ती सहा माणसं म्हणजे तुम्ही आणि मी.

पूर्वी गावात 'चार पोरं बोलावून आण' म्हटलं की दहा यायची. गाडा चिखलात रुतला, छप्पर चढवायचं आहे, बैल विहिरीत पडला, काहीही असो. गावची सगळी व्यवस्था मोकळ्या, धडधाकट हातांवर उभी होती. कोकणात आजही होडी किनाऱ्यावर घेताना खाली ओंडके टाकून वीसवीस माणसं एका सुरात जोर लावतात, कारण तिथे ती वीस माणसं त्याच धंद्यात, त्याच वाडीत असतात. आमच्याकडे आता हाक मारली तर साठीचे काका येतात, किंवा बारावीतला पोरगा येतो. बाकीचे आपण सगळे आयटी पार्कात. कोणी टोमणा मारतंय असं समजू नका, मी स्वतः त्यातलाच आहे आणि परत जाणार आहे असं खोटंही सांगणार नाही. पण आपण निघून आलो ही वस्तुस्थिती मान्य करून जी साधनं बनतील ती उरलेल्या हातांना झेपणारी हवीत, एवढं तरी आपण म्हणू शकतो ना?

आपल्या धंद्यात हे आपण कधीच शिकलो आहोत. रात्री दोन वाजता प्रॉडक्शन सर्व्हर कोसळतो तेव्हा ऑन-कॉलवर एकच जण असतो, अर्धवट झोपेत. म्हणून आपण स्क्रिप्ट लिहून ठेवतो, पायऱ्या लिहून ठेवतो, एका कमांडमध्ये जुनी आवृत्ती परत आणता येईल असं करतो. आठ जणांना फोन लावून उठवल्याशिवाय जी सिस्टीम उभी राहत नाही तिला आपण वाईट डिझाईन म्हणतो. एका वेबसाईटसाठी एवढी काळजी! मग बोटीसाठी का नको?

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. पाण्यात एकट्याने काही करू नये, हा पहिला नियम असतो. अगदी मान्य. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला काय झालं ते आठवा. बोट ग्रामपंचायतीची होती, गावातच होती, म्हणजे 'जवळची बोट' होतीच. पण तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली, ती उलटली, आणि डझनाहून जास्त माणसं बुडाली. म्हणजे नुसती बोट देऊन चालत नाही. चालवणारा शिकलेला हवा, प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट हवं, आणि 'आता बस्स, पुढच्या खेपेला' हे ओरडून सांगणारा एक माणूस काठावर हवा. पण जरा विचार करा. बोट ओढायला आठ जण खर्ची पडले तर तो काठावरचा माणूस आणायचा कुठून? आणि लोकांना पुढच्या खेपेची खात्री नसली तर ते याच खेपेत घुसणार. साधन एकट्याला झेपणारं असलं की बाकीचे हात माणसांसाठी मोकळे होतात. म्हणून माझं म्हणणं 'एकट्यानेच करा' असं नाही, 'एकट्याला करता येईल असं करा' असं आहे. या दोन वाक्यांत फार मोठा फरक आहे.

एकट्याच्या पराक्रमाच्या कथांमध्येसुद्धा नीट बघितलं तर हेच दिसतं. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये शिडाच्या बोटीने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. पण या मोहिमेमागे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा ध्यास होता, आणि 'म्हादेई' बांधली होती गोव्यात दिवाडीच्या रत्नाकर दांडेकरांनी. छप्पन्न फुटी बोट, आणि तिच्यावर माणूस एकच. शिडं, दोर, सुकाणू सगळं एका माणसाच्या हाताशी येईल असंच असावं लागतं. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच बोटीतून न थांबता प्रदक्षिणा केली. त्याच टॉमींना सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात दुसऱ्या बोटीवर पाठीला जबर मार लागला, तेव्हा त्यांना एका फ्रेंच जहाजाने उचललं. म्हणजे एकटा माणूस तयारीच्या जोरावर जातो, आणि तयारी कमी पडली की दुसऱ्या माणसांच्या जोरावर परत येतो. दोन्ही लागतं.

मग करायचं काय? आपल्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्गणी निघते. कमान, सभामंडप, शाळेला रंग. काढा, माझा विरोध नाही. पण एखाद्या वर्षी वर्गणीआधी एक प्रश्न टाका: आपल्या मंडळात बोट आहे का, ती कुठल्या कुलपात आहे, किल्ली कोणाकडे, आणि ट्रॉलीला रोलर आणि विंच आहे की नुसता पत्र्याचा सांगाडा? बोट महाग असते, ती सरकारने द्यावी. पण रोलर, विंच, दोन उभे खांब, साखळी, दोर हे सामान तालुक्याच्या वेल्डिंगच्या दुकानात बसवून घेण्यासारखं आहे. आपल्यातल्या चारजणांच्या एका महिन्याच्या बाहेर जेवण्याच्या खर्चात ते व्हावं. तहसीलदारांची रीतसर परवानगी घ्या, कागद करा. आणि उन्हाळ्यात सुट्टीला गावी जाल तेव्हा लग्नाच्या धावपळीतून एक सकाळ काढून, तिथल्या दोन पोरांना सोबत घेऊन ती बोट पाण्यात उतरवा आणि परत चढवून बघा. त्यांना जमलं पाहिजे, तुम्हाला नाही. तुम्ही जुलैमध्ये तिथे नसणार आहात.

असो. बराच वेळ झाला, लिहिता लिहिता जेवण राहिलं आणि उद्या सकाळी नऊला स्टेटस कॉल आहे. तुमच्या गावात बोट असेल तर ट्रॉलीवर चढवायला किती माणसं लागतात ते विचारून मला जरूर कळवा. आणि उत्तर 'विचारून सांगतो' असं आलं, तर तेही कळवा.